तबल्यावरची बोटं त्रिमितीत टिपायची आहेत, स्वस्तात काय घेऊ?

तिरकिट:
नमस्कार. आमच्या गुरुजींचं वय झालंय. त्यांच्या बोटांची चाल मला जपून ठेवायची आहे. ध्वनिमुद्रणं ढिगानं आहेत, पण 'ना' हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला नेमकी कुठे टेकते, तर्जनी चाटेवरून (पुडीच्या काठावरच्या पट्टीवरून) किती उचलली जाते, हे त्यांत कसं कळणार? पाच हजारांपर्यंत खर्च करू शकतो. फ्लेक्स सेन्सरचा हातमोजा शिवू की बोटांना एमपीयू-६०५० हे हालचाल मोजणारे सेन्सर लावू?

सोल्डरवाला:
फ्लेक्स सेन्सर बोट किती वाकलं ते सांगतो, हवेत कुठे आहे ते नाही. एमपीयू-६०५० मधून त्वरण आणि फिरण्याचा वेग मिळतो. त्वरणावरून जागा काढायला दोनदा इंटिग्रेशन करावं लागतं आणि बारीकशी चूकसुद्धा काळाच्या वर्गाच्या पटीत फुगते. शिवाय एका आय-टू-सी बसवर (सेन्सर जोडायच्या सामाईक तारांवर) त्याचे पत्ते दोनच, म्हणजे पाच बोटांसाठी आळीपाळीने जोडणी बदलणारा मल्टिप्लेक्सर आला, वायरी आल्या.

निखळ_नाद:
गुरुजींच्या हाताला काहीही बांधू नका, ही कळकळीची विनंती. हात जड झाला की निकास (बोल काढायची पद्धत) बदलतो, मग जपणार काय?

मीडियापाइप हे चित्रातला हात ओळखणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, हातावरचे २१ बिंदू देतं. मात्र एका कॅमेऱ्यावर त्याची खोली अंदाजाची असते, मनगटाच्या तुलनेत. म्हणून सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो-मोशन असलेले दोन फोन दोन कोनांतून लावा, बुद्धिबळाच्या पटाची छापील प्रत दाखवून ओपनसीव्ही या चित्र-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेट करा, मग दोन्हींतले बिंदू जुळवून खरी त्रिमिती काढा. हिशोब बघा: मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत चौपटीनं वाजवलं तर सेकंदाला १६ आघात. साध्या ३० फ्रेमच्या वेबकॅमला एका आघातासाठी जेमतेम दोन चित्रं मिळतात, २४० ला पंधरा. ट्यूबलाइटखाली घेऊ नका, ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ओटीवर, भर उजेडात घ्या.

तिरकिट:
फार उपयोगी! एक फोन माझा, दुसरा बहिणीचा, दोन्हींत २४० आहे. पण दोघांची वेळ कशी जुळवू?

निखळ_नाद:
दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल असा एक एलईडी सुरुवातीला क्षणभर चमकवा आणि शेवटी पुन्हा एकदा, त्या चमकेवरून वेळ जुळवा. लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये दोन फोनांची घड्याळं हळूहळू सरकतात. आणि आधी विलंबित (संथ लयीतला) कायदा घ्या, जलद बोलांचा रेला नंतर.