ब्लूईचं लेखन आता दुसऱ्यांच्या हाती जाणार. तुम्हालाही धास्ती वाटते का?

जॅकरांडाखाली (ब्रिस्बेन)

नमस्कार मंडळी. ज्यांच्या घरात लहान मूल आहे आणि 'ब्लूई' हे कुत्र्यांच्या कुटुंबाचं ऑस्ट्रेलियन कार्टून बघितलं जातं, त्यांच्याशी बोलायचं आहे. मालिका निर्माण करणारा जो ब्रम तिच्या लेखनातून बाजूला झाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये चित्रपटाची घोषणा झाली, त्याच वेळी हे कळलं. २०२७ साली येणारा चित्रपट तो स्वतः लिहितोय, दिग्दर्शनातही आहे, आणि त्यासाठी मालिकेचं लेखन सोडतोय. म्हणजे यापुढच्या भागांवर लेखक म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव असणार. तेव्हापासून मला चैन नाही.

मुलांच्या बऱ्याच मालिका लेखकांचा मोठा ताफा लिहितो. एक गेला, दुसरा आला, तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. ब्लूईचं तसं नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झाल्यापासून तीन सीझन, दीडशेच्या वर भाग, आणि त्यातले जवळजवळ सगळे या एका माणसाने लिहिलेले. त्याला दोन मुली. त्यांचे खेळ बघत बघत त्याने या गोष्टी रचल्या. म्हणून ब्लूईची धाकटी बहीण बिंगो रुसते तेव्हा ती खऱ्या चार वर्षांच्या मुलीसारखी रुसते.

मला सगळ्यात भीती वाटते ती उपदेशाची. 'कॉपीकॅट' हा भाग आठवतोय? ब्लूई आणि बाबा फिरायला जातात, रस्त्यात जखमी बजी (छोटा पोपट) सापडतो, डॉक्टरकडे नेतात, पण तो जगत नाही. घरी आल्यावर ब्लूई तोच प्रसंग खेळात पुन्हा उभा करते आणि खेळातही पक्ष्याला मरायला लावते. तिला ते पुन्हा एकदा, स्वतःच्या हाताने, घडवून बघायचं असतं. आई-बाबा मुकाट तिच्या खेळात सामील होतात. मृत्यू म्हणजे काय यावर कुणीही व्याख्यान देत नाही. माझी मुलगी तो भाग बघून नंतर बराच वेळ बाहुल्यांशी तसंच खेळत होती. मी जवळ बसून होते, काही बोलले नाही. हे मला त्या भागाने शिकवलं. नवा लेखक आला, त्याला वाटलं की मुलांना नीट समजायला हवं, आणि त्याने चिलीच्या, म्हणजे ब्लूईच्या आईच्या, तोंडी चार वाक्यं घातली, की संपलं.

दुसरी काळजी गावाची. ही मालिका आमच्या ब्रिस्बेनची आहे. लुडो स्टुडिओ इथलाच, फोर्टिट्यूड व्हॅलीतला. ते खांबांवर उचललेलं लाकडी घर, पुढचा व्हरांडा, ते कडक ऊन, हे सगळं मला खिडकीतून दिसतं. आता २०२४ मध्ये एकट्या अमेरिकेत लोकांनी ब्लूई ५५ अब्ज मिनिटांहून जास्त बघितलं. एवढा पैसा मागे लागला की जगभर चालेल असं गुळगुळीत करण्याचा मोह कुणालाही होईल. जुन्या लेखकाकडे नाही म्हणण्याचं वजन होतं. नव्याकडे ते असेल का?

तुमचं काय मत?

पेन्सिलवाला (पुणे)

ताई, मी या धंद्यातला आहे, स्टोरीबोर्ड करतो, म्हणजे स्क्रिप्टवरून प्रसंगांची चित्रं काढतो. ब्लूईशी माझा काही संबंध नाही, पण चालू मालिकेत नवा लेखक आला की काय होतं ते जवळून बघितलंय.

त्याच्या हातात पहिल्यांदा पडतं ते 'बायबल'. कोण कसं बोलतं, कोणाला काय आवडतं, काय कधीच करायचं नाही, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. प्रामाणिक लेखक ते पाठ करतो आणि नेमका तिथेच फसतो. बाबा गमतीशीर, आई समंजस, थोरली धिटुकली, असं वाचून लिहिलं की पात्रं ठोकळे होतात. बँडिट, म्हणजे ब्लूईचा बाबा, दमलेला असतो, खेळायची अजिबात इच्छा नसते, तरी उठतो. उठायच्या आधी तो जी दोन सेकंदं काढतो ना, ती बायबलमध्ये नसतात. ती स्क्रिप्टमध्येही फार तर एका शब्दात असतात. ती आम्ही बोर्डावर काढतो, मग आवाज, मग ॲनिमेशन, मग संगीत.

म्हणून मी लेखकाच्या नावापेक्षा बाकीची माणसं कोण राहतात ते बघेन. जॉफ बुशचं संगीत बघा. भागाभागाला त्याची चाल वेगळी. 'स्लीपीटाइम'मध्ये होल्स्ट या संगीतकाराचं 'ज्युपिटर' वाजतं आणि बिंगो स्वप्नात अंतराळातून जाते, तिथे संवाद किती आहेत? जवळजवळ नाहीतच. तो भाग लिहिणाऱ्याने इतरांवर विश्वास टाकला म्हणून झाला. नव्या लेखकाला सात मिनिटं मिळतात आणि स्वतःला सिद्ध करायचं असतं, म्हणून तो पानं संवादांनी भरतो. तिथे त्याला थांबवणारा दिग्दर्शक हवा. तुमची उपदेशाची भीती खरी आहे, पण ती एकट्या लेखकाची गोष्ट नाही.

रात्रपाळी

मला आशा नाही. स्पंजबॉब या कार्टूनचं काय झालं ते आठवा. स्टीफन हिलनबर्ग आधी सागरी जीवशास्त्र शिकवायचा, त्याच्या त्या वेडातून ती मालिका १९९९ साली आली. २००४ च्या चित्रपटानंतर त्याने रोजचा कारभार सोडला. नंतरचे भाग बघा. स्पंजबॉबचा मित्र पॅट्रिक आधी निव्वळ भोळा होता, पुढे पुढे दुष्टपणाच करायला लागला. त्याचा मालक क्रॅब्स कंजूष होता, तो क्रूर झाला. मालिका बंद पडली नाही, उलट जोरात चालली. मला त्याचंच वाईट वाटतं. चालतेय म्हटल्यावर दुरुस्त कोण करणार?

इथेही तेच दिसतंय. चित्रपट आला की निर्माता मालिकेपासून बाजूला.

निळी_मांजर (नाशिक)

रात्रपाळी, एका उदाहरणावर सगळं ठरवू नका. मी डोरेमॉनवर वाढलेय. डोरेमॉनचे निर्माते फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये वारले. २००५ मध्ये जपानमध्ये मुख्य पाचही आवाज बदलले. नोबुयो ओयामा १९७९ पासून डोरेमॉनचा आवाज होत्या, त्यांनीसुद्धा तेव्हा ते काम सोडलं. तरी नोबिता आजही नोबिताच आहे, आळशी, रडका आणि मनाने चांगला. कारण फुजिकोंनी कॉमिक्सचा ढीग मागे ठेवला होता. पुढच्यांना अडलं की बघायला मूळ गोष्टी होत्या.

पण ताई, यातूनच माझीही एक शंका. ब्लूईच्या मागे असा ढीग नाही. होत्या त्या दोन मुली, आणि त्या आता मोठ्या झाल्या.

जॅकरांडाखाली (ब्रिस्बेन)

निळी_मांजर, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. पेन्सिलवाला, तुमचं ते दोन सेकंदांचं वाचून मी 'क्रिकेट' हा भाग पुन्हा लावला. शेजारच्या बार्बेक्यूला खेळ रंगलेला, छोट्या रस्टीला मोठी माणसं बाद करू शकत नाहीत, आणि शेवटी तो बहिणीला झेल मिळावा म्हणून मुद्दाम चेंडू वर मारतो. तो मारण्याआधी बहिणीकडे बघतो. तेवढंच.

तो भाग लिहिणाऱ्याने अंगणातलं क्रिकेट बघितलेलं आहे, हे लगेच कळतं. मग मला वाटलं, नव्या लेखकाने ब्रमच्या मुलींचे खेळ आठवायचा प्रयत्नच करू नये. त्याने स्वतःच्या घरातले आणावेत. ज्याच्या घरात आत्ता चार वर्षांचं पोर आहे, ज्याची रात्रीची झोप आत्ता मोडते आहे, असा माणूस किंवा अशी बाई नेमा. ब्रमची नक्कल करणारा चाहता मला नको आहे, मग तो कितीही हुशार असो.

रात्रपाळी, तुमचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. म्हणूनच इथे लिहिलं.

सातारची आजी

माझी नात मेलबर्नला असते. तिच्यामुळे मीही हे कुत्र्यांचं कार्टून बघते, इंग्रजी सगळं कळतं असं नाही. सुट्टीत आली की आम्ही दोघी मिळून बघतो. मला त्यातलं आवडतं ते असं, की आईबाप मुलांसमोर चुकतात आणि मग मुलांची माफी मागतात. आमच्या वेळी हे नव्हतं. नवीन लिहिणाऱ्याने आईबापांना शहाणं करून टाकू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि मुली, आजी-नातीचे भाग कुठले ते सांग. ती परवा येते आहे.

जॅकरांडाखाली (ब्रिस्बेन)

आजी, 'आईबापांना शहाणं करू नये' हे मी माझ्या यादीत सगळ्यात वर लिहिते.

पहिल्या सीझनमधला 'ग्रॅनीज' लावा. दोघी बहिणी आज्या बनून शाली पांघरून फिरतात, मग वाद होतो की आज्यांना फ्लॉस नावाचा नाच येतो का, आणि खऱ्या आजीला व्हिडिओ कॉल करून विचारतात. दुसऱ्या सीझनमधला 'ग्रँडॅड'ही बघा. आजोबांना डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली असते आणि ते नातींना घेऊन पळ काढतात. त्यात चिली आई कमी आणि लेक जास्त आहे. तो भाग नातीबरोबर तुमच्या लेकीलाही बसवून बघा.