कूलोमचा नियम आणि कूलोमची भिंत: माणूस एकच का?

दोन वह्या:
नमस्कार मंडळी. मुलगी अकरावी सायन्सला आहे, मुलगा सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. परवा रात्री दोघं एकाच टेबलावर अभ्यासाला बसली होती. तिच्या वहीत कूलोमचा नियम, दोन विद्युतभारांमधल्या बलाचा. त्याच्या वहीत संरक्षक भिंतीवर येणारा मातीचा दाब, त्यालाही कूलोमचंच नाव. ती म्हणाली हा आमचा, तो म्हणाला आमचा. मी कॉमर्सची, मला काही सांगता येईना. हा एकच माणूस आहे का? आणि असेल, तर मातीत काम करणारा माणूस विजेपर्यंत पोचला कसा?

घाटवळण:
ताई, माणूस एकच. शार्ल ऑगस्टीन द कूलोम. जन्म १७३६ चा, फ्रान्समधल्या आंगुलेम गावचा. मुलांना सांगा, तो आधी सिव्हिलवाल्यांचा. विजेचा तो प्रसिद्ध प्रयोग त्याने १७८५ साली मांडला तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता. तोवर दोन तपं फौजेचा इंजिनिअर म्हणून भिंती, किल्ले आणि बंदरं यांत गेली होती.

माझी नोकरी सरकारी बांधकामात झाली, त्यातली बरीच वर्षं घाटरस्त्यांवर. त्यामुळे या माणसाबद्दल मला फार जिव्हाळा आहे, थोडं लांबण लागेल.

मेझिएरच्या फौजी इंजिनिअरिंग शाळेतून तो १७६१ साली बाहेर पडला. काही काळ ब्रेस्टला होता, आणि १७६४ मध्ये त्याची रवानगी मार्टिनिकला झाली. हे कॅरिबियन समुद्रातलं फ्रेंचांचं साखरेचं बेट. १७६२ साली इंग्रजांनी ते जिंकून घेतलं होतं, पुढच्या वर्षी तहात परत मिळालं. पुन्हा हातचं जाऊ नये म्हणून बंदराच्या डोक्यावरच्या टेकडीवर फोर बूर्बों नावाचा किल्ला बांधायचं ठरलं आणि ते काम या तरुण पोराच्या गळ्यात पडलं. हाताखाली बाराशे माणसं. आठ वर्षं तो तिथे राबला, अनेकदा जिवावरच्या दुखण्यातून उठला. १७७२ साली परतला तो तब्येत कायमची गमावून. तो किल्ला आजही उभा आहे, आता त्याला फोर देझे म्हणतात.

टेकडीवर किल्ला म्हणजे मागे भराव आणि पुढे भिंत, जिकडे बघाल तिकडे. भिंत किती जाडीची घ्यायची? तेव्हा वोबां या सतराव्या शतकातल्या फ्रेंच किल्लेबांधणीच्या इंजिनिअरच्या काळापासून चालत आलेले ठोकताळे होते: इतकी उंची, तर माथ्याला इतकी रुंदी, पायाला इतकी. माती कुठली, हा प्रश्न त्यात जवळपास नव्हताच. कूलोमने पुढे लिहून ठेवलंय की खोलीत बसून केलेल्या गृहीतकांवर आणि छोट्या प्रयोगांवर उभे राहिलेले सिद्धांत प्रत्यक्ष कामावर किती अपुरे पडतात, ते त्याला त्या आठ वर्षांत वारंवार दिसलं.

परतल्यावर १७७३ मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. त्यातली युक्ती मुलाला अशी सांगा. भिंत सरकली तर मागची सगळी माती येत नाही, एक पाचर सुटते. ती कुठल्या उतारावरून सुटेल, हे आधी माहीत नसतं. मग एकेक उतार धरून बघायचं. उतार फार उभा धरला तर पाचर बारीक, वजन कमी. फार आडवा धरला तर वजन पुष्कळ, पण घर्षण तिला धरून ठेवतं. मधे कुठेतरी एक उतार असा येतो की भिंतीवरचा रेटा सर्वांत जास्त होतो. भिंत त्या रेट्यासाठी बांधायची. सुट्या कोरड्या मातीचा घर्षणकोन, म्हणजे तिचा ढीग स्वतःहून ज्या उतारावर टिकतो तो कोन, ३० अंश असेल, भिंत उभी आणि पाठ गुळगुळीत धरली, तर तो उतार जमिनीशी ६० अंशांचा निघतो.

आकडा घ्या. सहा मीटर उंच भिंत, मागे तीच माती, वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन. भिंतीच्या दर मीटर लांबीला रेटा १०८ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ११ टन. उंची निम्मी केली तर रेटा निम्मा नाही, चौथाई होतो.

मी नोकरीला लागलो त्या दुसऱ्याच पावसाळ्यात एका वळणावरच्या दगडी भिंतीने पोट काढलं. मी रात्रभर आकडेमोड करून साहेबांना दाखवली की भिंत पुरेशी जाड आहे. ते पावसात छत्री घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘भिंतीकडे काय बघतोस, पाचर बघ.’ वर रस्त्यावर केसासारखी भेग गेली होती, भिंतीपासून साडेतीन मीटरवर, भिंतीला समांतर. पाचरीचा माथा डोळ्यांसमोर होता. मागचा मुरूम भिजून चिकट झाला होता आणि खालची वीप होलं, म्हणजे पाणी बाहेर पडायला भिंतीत ठेवलेली भोकं, गाळाने बुजली होती. दुसऱ्या दिवशी आधी पाण्याला वाट दिली, मग वरचा भराव उतरवला. त्या रात्रीपासून हा निबंध मला पुस्तकातला वाटला नाही.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. रोशफोरच्या जहाजगोदीत १७७९ पासून त्याने घर्षणाचे प्रयोग केले, लाकडी घसरगाड्या वजनं ठेवून ओढल्या. लाकूड लाकडावर जितका वेळ निवांत पडून राहील, तितकं हलायला जास्त जोर लागतो, हे त्याने मोजलं. त्या कामाला अकादमीचं बक्षीस मिळालं आणि १७८१ च्या डिसेंबरात तो अकादमीवर निवडला गेला. पॅरिसमध्ये मुक्काम मिळाला, आणि प्रयोगाला सवड. विजेचं मात्र कुणी भौतिकशास्त्रवाल्याने सांगावं.

तांब्याची तार:
मी सांगते, कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी तीस वर्षं गेली आहेत. मातीपासून विजेकडे जाणारी वाट होकायंत्रावरून जाते. अकादमीने चांगलं होकायंत्र कसं करावं यावर बक्षीस लावलं होतं, ते १७७७ साली कूलोमला विभागून मिळालं. सुई टोकावर ठेवली की टोकाचं घर्षण तिला अडवतं. घर्षण काय चीज आहे हे या माणसाला पक्कं ठाऊक. त्याने सुई बारीक धाग्याला टांगली. मग साहजिक प्रश्न आला की धागाही पीळ खातो, तो पीळ किती जोर लावतो? १७८४ मध्ये धातूच्या तारांचं उत्तर आलं: जोर पिळाच्या कोनाच्या प्रमाणात, तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात, आणि लांबीच्या व्यस्त. तार दुप्पट जाड केली की जोर सोळापट. म्हणजे उलट, तार बारीक करत गेलात की अगदी क्षीण बलसुद्धा मोजता येतं.

तराजू तयार झाला होता, त्यात विद्युतभार ठेवायचा बाकी होता. काचेचं भांडं, वर काचेची नळी, त्यातून लोंबणारी चांदीची तार, खाली आडव्या काडीच्या टोकाला भेंडाची इवलीशी गोळी. शेजारी दुसरी गोळी, पक्की बसवलेली. दोघींना सारखा भार दिला. त्या ३६ अंश दूर सरकल्या, तारेला पीळ ३६ अंश. मग तार जिला बांधलेली होती ती वरची मूठ १२६ अंश फिरवून गोळीला जवळ रेटलं. अंतर १८ अंशांवर आलं, एकूण पीळ १४४. अंतर निम्मं, बल चौपट. मग मूठ ५६७ अंशांवर नेली. अंतर ९ आलं असतं तर पीळ ५७६ हवा होता. आलं साडेआठ, पीळ ५७५.५. त्याने साडेआठच छापलं. दर वर्षी मुलं नोंदवहीत आकडे ‘नीट’ करायला लागली की मी त्यांना हे साडेआठ सांगत असे.

नांगरदोर:
सुंदर माहिती. एक मनात आलं. मार्टिनिक तेव्हा गुलामांच्या कष्टावर चालणारं बेट होतं. बाराशे माणसं राबवणाऱ्या या इंजिनिअरला त्या माणसांचं काही वाटलं का?

घाटवळण:
तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याच्या मनातलं मला सांगता येणार नाही, त्याने लिहिलेलं सांगतो.

माणूस दिवसभरात किती काम करू शकतो यावर त्याचा एक वेगळा निबंध आहे. वजन घेऊन जिना चढणारे, फावड्याने माती उपसणारे, हातगाडी ढकलणारे, असे सगळे त्यात आहेत. थकवा आणि काम हे दोन वेगळे हिशेब आहेत, असं तो म्हणतो. कमीत कमी थकव्यात जास्तीत जास्त काम कसं होईल, हा त्याचा प्रश्न. तासाभराचं काम मोजून दहाने गुणू नका, दिवसच्या दिवस पेलेल असं मोजा, असा त्याचा आग्रह. त्याच निबंधात मार्टिनिक येतं. तिथे पारा क्वचितच २० अंशांखाली जायचा, हे तेव्हाच्या रोमर मापातले अंश, म्हणजे आपले २५ सेल्सिअस. मोठी कामं त्याने तिथे सैनिकांकडून करून घेतली आणि त्याच सैनिकांकडून तशीच कामं फ्रान्समध्येही. तो खात्रीने सांगतो की सतत घामाने निथळणारी माणसं तिथे निम्मंही काम करू शकत नव्हती. गुलामांबद्दल त्यात काय आहे म्हणाल, तर मी वाचलेल्या भागात काही नाही, आणि ती उणीव मलाही खुपते.

पण ते निम्म्या कामाचं वाक्य मला नोकरीत उपयोगी पडलं. आमच्याकडे दिवसाला माणशी किती घनमीटर खोदाई, हा दर बारा महिने एकच धरायचे. कोकणातल्या मे महिन्यात काळ्या दगडावर पहार मारणारा माणूस आणि डिसेंबरातला तोच माणूस यांना एकच माप. मी तीन उन्हाळे रोजची खोदाई आणि दुपारचा पारा शेजारी शेजारी लिहून ठेवला. चौथ्या उन्हाळ्यात आमच्या वळणावर खोदाई पहाटे साडेपाचला सुरू होऊन अकराला थांबायला लागली, मजुरी पूर्ण दिवसाची.

दोन वह्या:
दादा, बाई, मनापासून आभार. दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं. मुलगी भेंडाची गोळी कुठे मिळेल विचारते आहे. मुलाने घरामागच्या बांधाची उंची मोजून आणली, सव्वादोन मीटर.