लोहाच्या गोळ्या तीन महिने घेऊनही हिमोग्लोबिन ९.१ वरच: गोळी बदलायची की निदान?

निळी_शाई:
स्त्री, वय ४६, वजन ५५ किलो. तीन महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन ८.७, आता ९.१. एमसीव्ही ६७, लाल पेशी ४१ लाख, आरडीडब्ल्यू (लाल पेशींच्या आकारातली तफावत) १९. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन ठीक. फेरिटिन (लोहाचा साठा) ९, बी१२ ३१०.

औषध: फेरस फ्युमरेट ३०० मि.ग्रॅ. अधिक फॉलिक ॲसिड, रोज एक, नाश्ता-चहानंतर. त्याच घोटाबरोबर कॅल्शियम. सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ४०, गेले सहा महिने.

प्रश्न तीन. हा लोहाचाच ॲनिमिया आहे की थॅलेसेमियासारखं (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) काही? गोळीची कंपनी बदलून फरक पडेल का? आणि "ती लाल इंजेक्शनं घेऊन टाका" असं जो तो सांगतोय, ती घ्यावीत का?

काचपट्टी:
आधी एमसीव्ही बघा. हा लाल पेशीचा सरासरी आकार. ८० ते १०० ठीक. खाली गेला तर लोह, थॅलेसेमिया किंवा जुनाट आजार. वर गेला तर बी१२, फोलेट, दारू, यकृत, थायरॉइड. मधेच असेल तर मूत्रपिंड, नुकताच झालेला रक्तस्राव किंवा पेशी फुटणं. नुसतं "रक्त कमी आहे" म्हणणं म्हणजे "ताप आहे" म्हणण्यासारखं, त्यावरून औषध ठरत नाही.

तुमच्या आकड्यांत एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागा (संख्या दशलक्षात): ६७ ÷ ४.१ = १६. उत्तर १३ च्या वर आलं की कल लोहाकडे, खाली आलं की थॅलेसेमिया मायनरकडे (त्याचा सौम्य प्रकार). मायनरमध्ये पेशी लहान असतात पण संख्येने भरपूर, ५५-६० लाखसुद्धा. हा फक्त अंदाज. खरा पुरावा फेरिटिन ९. इतकं खाली ते लोह संपल्याशिवाय जात नाही. उलट चुकीची शक्यता मात्र असते: अंगात सूज किंवा संसर्ग असेल तर साठा रिकामा असूनही फेरिटिन ५०-६० दिसतं.

अशा रक्ताची काचपट्टी पाहिली तर पेशी मधून जवळजवळ कोऱ्या असतात, कडेला फक्त पातळ गुलाबी कडी, आणि मधूनमधून पेन्सिलीसारख्या लांबट पेशी. बी१२ च्या पट्टीवर चित्रच वेगळं: मोठ्या अंडाकृती लाल पेशी, आणि पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या.

थॅलेसेमियाची शंका उरलीच तर हिमोग्लोबिन एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करा, पण शक्यतो लोह भरल्यावर. लोह कमी असताना एचबीए२ (मायनरमध्ये वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) खोटं नॉर्मल येऊ शकतं. मायनर निघाला तर त्याला औषध नाही, फेरिटिन ठीक असेल तर लोहही नको. कुटुंबात लग्न किंवा मूल होण्याचा विषय असेल तर जोडीदाराची तपासणी मात्र हवीच. दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला मेजर (गंभीर प्रकार) होण्याची शक्यता २५ टक्के.

मात्रा_मोजून:
औषधाच्या बाजूने. कंपनी बदलून काही होणार नाही, वेळ बदला. पाकिटावरचे ३०० मि.ग्रॅ. हे क्षाराचं वजन आहे. फ्युमरेटमध्ये लोह साधारण ३३ टक्के, म्हणजे तुमच्या गोळीत जवळपास १०० मि.ग्रॅ. लोह. सल्फेटच्या २०० मि.ग्रॅ.च्या गोळीत ६५, ग्लुकोनेटच्या ३०० मध्ये जेमतेम ३५. मात्रा कमी नाहीये, ती आत शिरत नाहीये. चहा लोहाला बांधतो, कॅल्शियम अडवतं, पॅन्टोप्राझोल पोटातलं आम्ल घटवतं आणि आम्लाशिवाय लोह नीट विरघळत नाही. तुमच्याकडे तिन्ही एकाच सकाळी आहेत.

गोळी उपाशीपोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, साध्या पाण्याबरोबर. चहा-कॉफी आधी-नंतर तासभर नको. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. पॅन्टोप्राझोल मनाने बंद करू नका. अजून लागतंय का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. थायरॉक्सिन चालू असेल तर लोहात आणि त्यात चार तासांचं अंतर. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं लोहाबरोबर घेतली तर ती वाया जातात.

शौच काळी होणार, घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची झाली तर तो गोळीचा रंग नव्हे, रक्त असू शकतं. मळमळ असह्य झाली तर गोळी सोडण्यापेक्षा थोडं खाऊन घ्या. "पोटाला त्रास नाही" म्हणून विकलं जाणारं आतड्यात फुटणारं आवरण टाळलेलं बरं: लोह शोषलं जातं लहान आतड्याच्या पहिल्याच भागात, आणि ही गोळी तो भाग ओलांडून फुटते.

आणि ही गोळी घरातल्या लहान मुलांपासून लांब ठेवा. १० किलोच्या मुलाने अशा सहा गिळल्या तर जिवावर बेतू शकतं.

सहज_विचारतो:
मग दिवसातून दोन घेतल्या तर लवकर भरेल ना?

काचपट्टी:
नाही. एक मात्रा गेली की यकृत हेप्सिडिन (लोहाचं शोषण रोखणारं हार्मोन) सोडतं आणि साधारण २४ तास आतड्याचं दार अर्धवट लागतं. दुसरी गोळी पोट बिघडवते, रक्तात फारशी जात नाही. म्हणूनच हल्ली दिवसाआड मात्रा सुचवतात. त्याचे बरेच प्रयोग मात्र ॲनिमिया नसलेल्या, फक्त साठा कमी असलेल्या स्त्रियांवर झालेत. ९ हिमोग्लोबिनला रोज एक दिली तरी चूक म्हणणार नाही.

सलाईन_स्टँड:
सगळे शोषणावर बोलताय, गळतीचं कोणी विचारलंच नाही. वय ४६. पाळीत दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, गाठी पडतात का, सात दिवसांहून जास्त जाते का? १ मि.ली. रक्तासोबत साधारण अर्धा मि.ग्रॅ. लोह जातं. महिन्याला १०० मि.ली. म्हणजे ५० मि.ग्रॅ. बाहेर. तसं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफी, आणि त्यांच्या सल्ल्याने फक्त पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल तर नाही) किंवा हार्मोनची तांबी (गर्भाशयात बसवतात ती). पाळी साधी असेल तर पोट आणि आतडं दुर्बिणीतून पाहणं, सीलिॲकसाठी (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं खराब होणं) टीटीजी ही रक्ततपासणी आणि एच. पायलोरी या पोटातल्या जंतूची तपासणी. हे न करता वर्षभर गोळ्या देणं हा माझ्या मते निष्काळजीपणा आहे.

लाल इंजेक्शनं म्हणजे बी१२. तुमचं बी१२ ३१० आहे, त्यांचा इथे उपयोग नाही. लोहाचं इंजेक्शन तपकिरी असतं आणि शिरेतून देतात. गरज काढायचं सूत्र: वजन × (१५ − हिमोग्लोबिन) × २.४ + ५००. तुमचं ५५ × ५.९ × २.४ + ५०० = सुमारे १,२८० मि.ग्रॅ. आयर्न सुक्रोजचे २०० मि.ग्रॅ. प्रमाणे सात डोस होतात. फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज एका वेळी १,००० मि.ग्रॅ.पर्यंत जातं, उरलेलं आठवड्याने. त्यानंतर काहींचं फॉस्फेट घसरतं. हाडं दुखणं, स्नायू गळून जाणं याकडे लक्ष ठेवा. सुईतून औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतो, म्हणून जळजळ झाली की लगेच सांगायचं.

मात्रा_मोजून:
बी१२ निघालंच म्हणून धागा वाचणाऱ्या इतरांसाठी. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड देऊ नये. हिमोग्लोबिन सुधारतं आणि नसांची खराबी आत चालूच राहते. पायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं ही लक्षणं असतील तर इंजेक्शनच: हायड्रॉक्सोकोबालामिन १,००० मायक्रोग्रॅम दिवसाआड, सुधारणा थांबेपर्यंत, मग दर दोन महिन्यांनी. लक्षणं नसतील तर रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळी चालू शकते. त्यातला एखादा टक्का आपोआप शोषला जातो आणि तो पुरतो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी१२ तपासून घ्यावं.

सलाईन_स्टँड:
ॲनिमियाचे उरलेले प्रकार थोडक्यात. मूत्रपिंडाच्या आजारात आधी लोह भरून मग एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी बनवायला लावणारं हार्मोन). हिमोग्लोबिन ११.५ च्या वर ओढायचं नाही, पक्षाघात आणि गुठळीचा धोका वाढतो. रक्तदाब बघत राहायचा. कूम्ब्स पॉझिटिव्ह (शरीराची स्वतःच्याच लाल पेशींविरुद्धची प्रतिपिंडं दाखवणारी चाचणी), पेशी फुटणारा ॲनिमिया: प्रेडनिसोलोन किलोमागे १ मि.ग्रॅ. सिकल सेल: हायड्रॉक्सीयुरिया, पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवून. जी६पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) कमतरतेला औषध नाही, प्रायमाक्विन आणि डॅप्सोन टाळणं हाच उपचार.

निळी_शाई:
पाळी आठ दिवस आणि गाठी, दोन्ही आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेते. कॅल्शियम आजपासून रात्री. परत तपासणी कधी?

काचपट्टी:
दहाव्या दिवशी रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या लाल पेशींची संख्या), तो वाढला म्हणजे मज्जेला लोह पोचलं. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन, निदान १ ने वाढायला हवं. नाही वाढलं तर शिरेतून लोह द्यायचं का, हे डॉक्टरांशी बोला. वाढलं तर नॉर्मल झाल्यावरही गोळी आणखी तीन महिने, साठा भरेपर्यंत. शिरेतून घेतलंत तर पहिले चार ते आठ आठवडे फेरिटिन करू नका, फुगलेलं येतं.