रश म्हणजे लव्हाळा का?

पूर्णाकाठ: मंडळी, एक शब्द अडलाय. इंग्लंडातल्या दलदलीवरचा लेख मराठीत करतोय, त्यात पानोपानी 'रश' हे झाडाचं नाव येतंय. एकानं लव्हाळा सुचवला, पण आमच्या परभणीकडं लव्हाळा म्हणलं की कपाळाला आठ्याच पडतात, कुंदा हरळी लव्हाळा ही तिन्ही तणं एका माळेचे मणी, कुळव घातला की गाठी तुटून अजूनच पसरतो. दलदलीतलं गवत डोळ्यापुढं येतच नाही.

पानंफुलं: दादा, लव्हाळा नकाच लिहू. लव्हाळ्याची काडी तिकोनी, बोटात फिरवली की कडा लागतात. रशची काडी गोल गुळगुळीत, आत पांढरा भुसभुशीत गाभा. तिकडची गरीब माणसं साल सोलून तोच गाभा चरबीत बुडवायची आणि दिव्यासारखा जाळायची. जपानी तातामी चटया पण त्याच्याच. शास्त्रीय नाव जंकस. लव्हाळा पडतो सायपरसमधे, म्हणजे इजिप्तच्या पपायरसचा भाऊबंद.

काळीमाती: मग पाणकणीस लिहा की. आमच्या पाझर तलावात लई माजलंय.

पानंफुलं: ते टायफा काका, तपकिरी कणसाचं. इंग्रजीत त्यालाबी बुलरश म्हणतात म्हणून तर सगळा घोळ.

काळीमाती: बरं, बोरू?

पूर्णाकाठ: बोरू म्हणलं की इकडं आधी हिरवळीचं खत आठवतं, फुलोऱ्यात आला की गाडायचा तो, लिहायचा बोरू नंतर.

पानंफुलं: पण गंमत बघा, त्या खताच्या बोरूचं शास्त्रीय नाव क्रोटालारिया जन्सिया, आणि जन्सिया म्हणजे जंकससारखा! पानं थोडी, काड्या सरळसोट, म्हणून. म्हणजे तुमचा रश नावापुरता का होईना आपल्या वावरात हायच, झाड मात्र एकदम वेगळं, शेंगावाल्या कुळातलं.

पूर्णाकाठ: भारीच की. पण मग तुकोबांच्या महापुरातलं लव्हाळं?

पानंफुलं: तिथं काडी गोल का तिकोनी कोण बघतंय, पाणी आलं की वाकायचं एवढंच काम. कवितेचं भाषांतर असतं तर मी पण लव्हाळंच म्हणले असते. तुमच्या लेखात नाव चुकलं तर झाडच बदलतंय.

पूर्णाकाठ: ठरलं मग. पहिल्यांदा 'जंकस, गोल काडीचं पाणगवत', पुढं नुसतं जंकस. त्या चरबीत बुडवलेल्या दिव्याला 'गाभ्याचा दिवा' लिहितो.

काळीमाती: लिहा. आणि त्या तिकोनी काडीवर काही औषध सापडलं तर इकडं कळवा, खुरपायला माणूस मिळंना.