रॉनी बार्कर यांनी लेखक म्हणून नाव का लपवले?

प्रश्न

नमस्कार. बीबीसीवरील ‘द टू रॉनीज’ या रॉनी बार्कर आणि रॉनी कॉर्बेट यांच्या विनोदी कार्यक्रमाचे जुने भाग मी सध्या क्रमाने पाहत आहे. लेखकांच्या यादीत जेराल्ड वायली हे नाव वारंवार येते आणि हे वायली म्हणजे खुद्द रॉनी बार्करच, असे वाचनात आले. नट म्हणून एवढी ओळख असलेल्या माणसाला स्वतःच्या लेखनावरून स्वतःचे नाव काढावेसे का वाटले असेल? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

बार्कर यांचा जन्म १९२९चा, बेडफर्डचा, वाढले ऑक्सफर्डमध्ये. बँकेतली कारकुनी सोडून १९४८मध्ये ते एल्सबरीच्या नाटक मंडळीत दाखल झाले. १९६६च्या ‘द फ्रॉस्ट रिपोर्ट’ या विनोदी दूरचित्रवाणी कार्यक्रमापासून लोक त्यांना ओळखू लागले. पण अडचण या ओळखीनेच केली. कार्यक्रमातल्या मुख्य नटाने स्वतः लिहिलेले प्रहसन पुढे ठेवले, तर ते फसले आहे असे त्याच्या तोंडावर कोण सांगणार? म्हणून १९६८च्या सुमारास त्यांनी आपल्या एजंटमार्फत, वायली या नावाने लेखन पाठवायला सुरुवात केली. ते पसंत पडत गेले आणि हा लेखक कोण, याची चर्चा सुरू झाली. काहींनी तर नाटककार टॉम स्टॉपर्ड यांच्यावर संशय घेतला. शेवटी वायलींनी सर्व सहकाऱ्यांना एका चिनी उपाहारगृहात जेवायला बोलावले. तिथे बार्कर उठून ‘मीच वायली’ म्हणाले, तेव्हा त्यांच्यावर सहजासहजी कोणी विश्वास ठेवीना. माझ्या मते ही त्यांनी स्वतःची घेतलेली अत्यंत प्रामाणिक परीक्षा होती.

प्रतिसाद २

वायलींचे सामर्थ्य पाहायचे असेल, तर १९७६चे ‘फोर कँडल्स’ पाहावे. हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक बार्कर काही मागतात आणि दुकानदार रॉनी कॉर्बेट चार मेणबत्त्या काढून ठेवतात. गिऱ्हाइकाला हवे असतात ‘फोर्क हँडल्स’, म्हणजे माती उकरायच्या काट्याचे दांडे. पण त्याच्या बोलीत ‘ह’चा उच्चारच होत नसल्याने ‘फोर्क अँडल्स’ आणि ‘फोर कँडल्स’ कानाला सारखेच लागतात. पुढे तो ‘ओज’ मागतो, तेव्हा आधी कुदळ (‘हो’), मग पाण्याची नळी (‘होज’) असा फेरा होऊन फाटकावर लावायचे ‘ओ’ हे अक्षर बाहेर येते. कोटी एकच, पण प्रत्येक फेरीत दुकानदाराचा संयम थोडा थोडा सुटत जातो आणि खरी गंमत त्या सुटण्यात आहे. केवळ शब्दांवर विसंबणाऱ्या लेखकाला हे जमले नसते. त्यासाठी लिहिणारा नटच असावा लागतो.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मग ‘पॉरिज’ ही मालिकाही त्यांनीच लिहिली होती का?

प्रतिसाद ३

नाही. ‘पॉरिज’ डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने यांची, तर ‘ओपन ऑल अवर्स’ रॉय क्लार्क यांची. तुरुंगातला फ्लेचर आणि तोतरा दुकानदार आर्कराइट या बार्कर यांच्या दोन सर्वांत लाडक्या भूमिका दुसऱ्यांच्या लेखणीतून आल्या, हे आवर्जून सांगायला हवे. चांगल्या संहितेपुढे स्वतःतल्या लेखकाला बाजूला ठेवणे त्यांना साधत होते. कीर्ती शिखरावर असताना, अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी निवृत्ती घेतली आणि पत्नीसह चिपिंग नॉर्टनला जुन्या वस्तूंचे दुकान चालवले. २००२मध्ये ‘द गॅदरिंग स्टॉर्म’ या चित्रपटात चर्चिल यांच्या सेवकाच्या भूमिकेत ते पुन्हा दिसले. ३ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांची स्मरणसभा झाली, तेव्हा क्रूसाबरोबर नेहमीच्या दोन मेणबत्त्यांऐवजी चार नेण्यात आल्या.