बाई म्हणून साइट नाही, साइट नाही म्हणून प्रमोशन नाही. मग करायचं काय?

खडीवाळू: सिव्हिल इंजिनियरिंग करून नऊ वर्षं झाली. पहिल्या नोकरीत पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले तू बिलिंगला बस, साइटवर धूळ असते. धूळ! सिव्हिलला आणि काय असणार? बरोबरची पोरं साइटवर गेली, मी मोजमापं आणि सळईची बिलं तपासत बसले, आणि आता प्रोजेक्ट मॅनेजरची जागा निघाली तर तेच साहेब म्हणतात तुला एक्झिक्युशनचा, म्हणजे साइटवर काम करून घेण्याचा अनुभव नाही. या धंद्यात बायकांना दारात कोणी अडवत नाही, आत घेतात आणि खुर्चीला बांधून ठेवतात. नाही पटलं तर भांडा.

जुना_सुपरवायझर: भांडतोच. २२ वर्षं स्लॅब ओततोय मी. राफ्टचं, म्हणजे पायाच्या जाड स्लॅबचं काँक्रिट एकदा सुरू झालं की मधे थांबता येत नाही, थांबलात की कोल्ड जॉइंट, म्हणजे जुनं-नवं काँक्रिट नीट न जुळलेला सांधा, आणि पुढे गळती, त्यात पहाटे तीनला पंप चोक होतो. अशा रात्री एकट्या मुलीला ठेवली आणि काही झालं तर मान कोणाची, माझीच ना? तुम्ही भेदभाव म्हणा, मी काळजी म्हणतो. आणि अंगमेहनतीचं काम आहे हे, खोटं कशाला बोलू.

ओळंबा: काका, मेहनतीचं तर बोलूच नका. घमेली कोण वाहतं साइटवर? डोक्यावर ओझं घेऊन तीन मजले चढायला बाई चालते, हातात थापी द्यायची म्हटली की तिची ताकद आठवते. गवंडीकामाला नजर लागते, हात बसावा लागतो, आणि पैसे थापीला जास्त आहेत, घमेल्याला कमी. सगळी गोम तिथे आहे. आणि ब्रिटनमध्ये सिमेंटची गोण ५० ची २५ किलोवर आणली ती बायकांचे लाड म्हणून नाही, पुरुषांच्या पाठी जात होत्या म्हणून.

टेंडरवाली: मी बाई आहे तरी मला हे रडगाणं वाटतं, सॉरी. मी स्वतःहून कॉन्ट्रॅक्ट्सला आले. क्लेम, म्हणजे जादा कामाच्या किंवा उशिराच्या पैशांची मागणी, नीट लिहिणारा माणूस कंपनीचे जेवढे पैसे वाचवतो तेवढे साइटवर बोंबलून वाचत नाहीत. ऑफिसचं काम म्हणजे दुय्यम हे कोणी ठरवलं, पुरुषांनीच ना? मग तुम्ही पण तेच का धरून बसलात

खडीवाळू: तुम्ही निवडलंत, मला बसवलं. फरक आहे की नाही?

सळई१२: न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचं बघा. चीफ इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग केसनच्या (पाण्याखाली पाया खणायची दाबाच्या हवेची पेटी) आजाराने अंथरुणाला खिळला, मग त्याची बायको एमिली केबल, मटेरियल सगळं शिकून रोज त्याच्या सूचना साइटवर पोचवायची, १८८३ ला पूल होईपर्यंत. लंडनचा वॉटरलू ब्रिज तर दुसऱ्या महायुद्धात बऱ्याच बायकांनी बांधला आणि १९४५ च्या उद्घाटनाच्या भाषणात कौतुक झालं फक्त पुरुषांचं.

जुना_सुपरवायझर: एमिलीबाई चीफ इंजिनियरची बायको होती म्हणून आत गेली. दुसरी कोणी असती तर गेटवरच अडवली असती. आणि वॉटरलूला युद्ध होतं, गडी नव्हते.

सळई१२: अहो मग तुम्ही आमच्याच बाजूने बोलताय की! काम जमत होतं, आत यायला नवरा नाहीतर युद्ध लागायचं. आता काश्मीरच्या रेल्वेच्या चिनाब पुलावर बघा, नदीपासून ३५९ मीटर उंच, तिथल्या तुटक्या खडकावर पाया आणि उतार कसे टिकवायचे यावर प्रोफेसर जी. माधवी लता १७ वर्षं सल्ला देत होत्या. तिथे ना नवरा ना युद्ध.

ओळंबा: सल्लागार आणि साइट इंजिनियर एक नाही पण, हे मान्य करा. प्रोफेसरबाईंना सगळे मॅडम म्हणतात, ट्रेनी पोरीला मुकादम पण हुंगत नाही. आणि साध्या गोष्टी, सेफ्टी बेल्ट पुरुषाच्या मापाचा, ढिला बेल्ट घालून उंचावर चढायचं म्हणजे न घातल्यासारखंच. अमेरिकेत बांधकामावर अंगाला बसेल असंच साहित्य द्या हा स्पष्ट नियम २०२५ मध्ये लागू झाला. टॉयलेटचं तर विचारूच नका, मी दिवसभर पाणी न पिता काढलेत दिवस.

जुना_सुपरवायझर: टॉयलेटचं खरंय. ते आम्ही कधी बजेटमध्ये धरतच नाही.

खडीवाळू: मग काका, पुढच्या राफ्टला एक मुलगी घेता का रात्रपाळीला?

जुना_सुपरवायझर: एक नाही, दोघी पाठवा. आणि स्लम्प, म्हणजे काँक्रिट किती पातळ-घट्ट आहे ते, स्वतः बघायचा, हेल्परला सांगून चहाला जायचं नाही.

खडीवाळू: मुलगा एकटा चालतो ना?