नवीन लावलेली झाडं, जळलेला लाईट, बंद फिल्टर... आता काय वाचवू?

टाकीत_बुडालो (सातारा):
मंडळी जरा लवकर सांगा. दोन फुटी माशांची टाकी आहे, साधारण ६० लिटर, वर्षभर जुनी. मागच्या रविवारी सगळी रचना नव्याने केली, कुरिअरने झाडं मागवली, क्रिप्टोकोरिन वेंडटी ५, अनुबियास नाना २, रोटाला, आणि पुढच्या बाजूला मॉन्टे कार्लोचे दोन कप. तीन हजार गेले. आई म्हणाली एवढ्या पैशात मेथीच्या जुड्यांनी टेम्पो भरला असता.

शनिवारी संध्याकाळी वादळात आमच्या गल्लीच्या खांबावरचा न्यूट्रल (परतीची तार) तुटला. घरातले बल्ब आधी सूर्यासारखे पेटले आणि मग फट्. टीव्ही गेला, टाकीचा लाईट गेला, कॅनिस्टर फिल्टरची (टाकीबाहेरच्या बंद डब्यातला फिल्टर) मोटर गेली आणि झाडांसाठीच्या सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड) सोलेनॉइड, म्हणजे गॅस चालू-बंद करणारी विजेची झडप, पण गेला. लाईनवाले येऊन जोडून गेले रात्रीच, पण माझं सामान काय परत येणार. दुकानदार म्हणतो मोटर यायला ८-१० दिवस.

आज सोमवार. क्रिप्टोची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन हाताला बुळबुळीत लागतायत, मॉन्टे कार्लो पिवळी पडलीय, रोटालाची खालची पानं गळतायत. मासे १० गप्पी आणि ४ कोरी, ते अजून ठीक दिसतात. सगळी झाडं उपटून बादलीत घालून गॅलरीत उन्हात ठेवू का? का जसं आहे तसं राहू देऊ?

मासेमामा:
उपटू नकोस!! आधी फिल्टरचं बोल. कॅनिस्टर शनिवारपासून बंद पडून तसाच भरलेला आहे ना? मग तो आतून सडत चाललाय असं समज. पाण्यातली घाण पचवणाऱ्या आतल्या जिवाणूंना वाहतं पाणी आणि ऑक्सिजन लागतो, बंद डब्यात काही तासांत त्यांचा जीव जायला लागतो. नवीन मोटर आली की तो डबा तसाच जोडून चालू करायचा मोह होतो, मी केलाय, आतलं सडकं पाणी एका झटक्यात टाकीत गेलं आणि सकाळी ७ मासे उलटे. त्यामुळे आत्ता उघड, वास घे. सडक्या अंड्यासारखा आला तर ते पाणी मोरीत ओत, स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने खळबळ (नळाखाली धरू नको, क्लोरीन), आणि जाळीच्या पिशवीत बांधून टाकीतच सोड. शेजारी बुडबुडे सोडणारा एअरस्टोन लाव. दोनशे-अडीचशेचा साधा हवेचा पंप चालेल, मात्र तो २४ तास चालू ठेव. अंधारात झाडं ऑक्सिजन देत नाहीत, उलट खातात, हे लोक विसरतात.

आणि बुळबुळीत पानं कात्रीने देठाजवळ कापून रोज बाहेर काढ. ती कुजून अमोनिया होतो आणि तुझा फिल्टर आत्ता लंगडा आहे. एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदल, क्लोरीन मारणारा हायपो घालून.

सुमेधा_ठाणे:
मामांशी १००% सहमत. झाडांबद्दल जरा सांगते. दादा, तुमची झाडं लाईट गेल्यामुळे मरतायत असं तुम्हाला वाटतंय पण बऱ्यापैकी शक्यता आहे की लाईट असता तरी क्रिप्टोने हेच केलं असतं. नर्सरीत ही झाडं बहुतेक वेळा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात, ती हवेतली पानं पाण्यात टिकत नाहीत, शिवाय क्रिप्टोला जागा बदललेली अजिबात सोसत नाही. सगळी पानं विरघळली तरी मुळं पांढरी आणि कंद टणक असेल तर झाड जिवंत आहे. लोक इथेच चुकतात, पान गेलं की झाड गेलं म्हणून उपटून टाकतात आणि परत पैसे घालतात. मी स्वतः माझ्या पहिल्या चार क्रिप्टो अशाच कचऱ्यात टाकल्यात, आता आठवलं की वाईट वाटतं.

अनुबियास मात्र तपासा. त्याचं आडवं खोड रेतीत पुरलंय का? पुरलं असेल तर वर काढा आणि दगडाला दोऱ्याने बांधा. अंगठ्याने दाबून बघा, कडक लागलं तर छान, मऊ पडून घाण वास आला तर तेवढा भाग ब्लेडने कापून उरलेलं ठेवा.

तीन-चार दिवस अंधार काही नाही हो, शेवाळ घालवायला आम्ही मुद्दाम टाकीला चादर गुंडाळतो तीन दिवस. गॅलरीतल्या उन्हात बादली मात्र नकोच, दुपारी पाणी इतकं तापेल की झाडं उकडून निघतील.

तोपर्यंत हार्डवेअरच्या दुकानातून ६५०० केल्विनचा साधा कूल डे एलईडी बल्ब आणा, ९-१० वॅटचा, टेबल लॅम्पमध्ये लावून काचेवर. रोज ६ तास, त्याच्या वर नाही. सीओटू बंद असताना लाईट जास्त दिला तर झाडांना तो वापरता येत नाही, शेवाळाला येतो. द्रवखत पण निम्म्यावर आणा.

वायरमन_का_बेटा:
घरी इलेक्ट्रिकचं काम आहे म्हणून बोलतो. न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी ३०० नाही तर पार ४०० च्या आसपास व्होल्ट घरात येऊ शकतात, तुमच्या घरावर लोड किती आणि शेजाऱ्यांवर किती त्याच्यावर आहे. एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) ह्याच्यात पडत नाही, तो करंट बघतो. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका खातो, असा चालू राहिलेला जादा दाब त्याला झेपत नाही. डीबीमध्ये (घराच्या मेन बोर्डात) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, एकदाचा खर्च.

आता महत्त्वाचं. भाऊ तुमचा लाईट खरंच जळलाय का फक्त त्याचा अडॅप्टर? बऱ्याच टाकीच्या पट्ट्या १२ व्होल्ट डीसीवर चालतात, मार अडॅप्टरने खाल्लेला असतो आणि एलईडी धडधाकट असतात. अडॅप्टरवर आउटपुट काय लिहिलंय बघा, तितक्याच व्होल्टचा, अँपिअर तेवढाच किंवा जास्त, आणि प्लस-मायनस तसंच, असा दुसरा लावून बघा. जुन्या राउटरचा पण असू शकतो.

नेचर_ॲक्वा_नाद:
एवढं टेन्शन कशाला, लिक्विड कार्बनची बाटली आणा, रोज टोपणभर घाला, सीओटूची गरजच नाही.

सुमेधा_ठाणे:
नको हो टोपणभर. त्या बाटल्यांमध्ये बहुतेक ग्लुटारल्डिहाइड असतं, दवाखान्यात हत्यारं निर्जंतुक करायला वापरतात ते. शेवाळावर चालतं हे खरं, पण आधीच विरघळणाऱ्या झाडांवर आणि दम धरून बसलेल्या जिवाणूंवर आत्ता ते कशाला. वॅलिसनेरियासारखं झाड तर ह्याने सरळ झोपतं.

नेचर_ॲक्वा_नाद:
माझ्याकडे दोन वर्षं चाललंय, काही झालं नाही. पण ठीक आहे, टोपणभर जरा जास्तच बोललो.

ओढ्याकाठचा (कुडाळ):
आमच्याकडे क्रिप्टोकोरिन ओढ्यात रानातच उगवतं. मे महिन्यात ओढा आटला की वर काहीच दिसत नाही, नुसता चिखल आणि भेगा, आणि पावसात त्याच जागी परत पानं. त्यामुळे त्याची काळजी करू नका, त्याला मरायची घाई नाही.

मला काळजी मॉन्टे कार्लोची वाटते. बारीक पान, कमी साठा, आणि तिला प्रकाश आणि सीओटू दोन्ही लागतात. निम्मी टाकीतून काढा आणि पाण्याबाहेर वाढवा. पसरट प्लॅस्टिकचा डबा, तळाला दोन बोटं ओली माती नाही तर कोकोपीट, झाडाचे लहान लहान पुंजके करून चिमट्याने खोचा, पाणी फक्त माती ओली राहील इतकं, साचू द्यायचं नाही, वर पातळ प्लॅस्टिक ताणून लावा. उजेडाच्या खिडकीत ठेवा पण थेट ऊन नको. हवेत सीओटू फुकट असतो, पाण्यात तो विकत घालावा लागतो, एवढाच फरक. रोज दहा मिनिटं झाकण उघडा नाहीतर बुरशी धरते. रोटालाचे शेंडे पण चार-पाच खोचून बघा. त्यात सध्या पावसाळी दमट हवा आहे, ह्या कामाला ह्यापेक्षा चांगला मोसम नाही.

टाकीत_बुडालो (सातारा):
खूप खूप आभार सगळ्यांचे. कॅनिस्टर उघडला. मामा, वास काय होता ते इथे लिहू शकत नाही, आई स्वयंपाकघरातून ओरडली की कोण मेलं. रिंगा पिशवीत घालून टाकीत सोडल्या, पंप घुरघुरतोय.

आणि वायरमन भाऊ, पाया पडतो. अडॅप्टरच गेला होता! १२ व्होल्ट ३ अँपिअर, बाजारात साडेतीनशेला मिळाला, लावला आणि पट्टी लख्ख. अनुबियास एक चांगला आहे, दुसऱ्याचं खोड मी खरंच पुरलं होतं, अर्धं कापावं लागलं.

एक शंका, आता लाईट आलाच आहे तर आधीसारखा ९ तास चालू करू का? आणि सोलेनॉइड बाजूला काढून सीओटू हाताने चालू-बंद केला तर?

मासेमामा:
९ तास नाही. सुमेधाताईंनी ६ सांगितलेत ते ६ च, आणि पट्टीचा डिमर असेल तर निम्म्यावर, नसेल तर वीतभर वर टांग. हाताने चालू-बंदच्या नादी लागू नको, एक रात्र विसरशील आणि सकाळी मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून श्वास घेत असतील. सोलेनॉइडची नुसती कॉइल मिळते का विचार, बऱ्याच वेळा तेवढीच जळते.

टाकीत_बुडालो (सातारा):
तीन आठवडे झाले, सांगायचं राहून गेलं. मोटर १० दिवसांऐवजी १६ दिवसांनी आली. मासे सगळे आहेत. ५ क्रिप्टोपैकी ४ ला नवीन पान आलंय, सुईसारखं गुंडाळलेलं तपकिरी, मला आधी मुळाचा तुकडाच वाटला म्हणून चिमटा पण घातला होता, नशीब ओढलं नाही. पाचव्याच्या जागी काही नाही, पण कुडाळकरांचं ऐकून हात लावलेला नाही. रोटालाचे बुंधे गेले, शेंडे परत लावले ते उभे आहेत. टाकीतली मॉन्टे कार्लो जवळपास संपली. डब्यातली मात्र हिरवीगार, कडेने बाहेर लोंबायला लागलीय, अजून आठवड्याने टाकीत नेतो. आई विचारतेय डबा परत कधी मिळणार, ढोकळ्याचा होता तो.